सर करा म्हणत्यात

भावाचं बाळ दोन दिवस दूध पीत नव्हतं, पोट टम्म फुगलं होतं. गावाहून, मैंदर्गीहून, सकाळीच माझ्या वडिलांचा, आबांचा फोन आला. आमच्याकडे अशा वेळी बाळाच्या पोटावर तापलेल्या सुईचे डाग देतात. मेंढरांना देतात, तसेच माणसांच्या पोरांनाही. पण आबा चक्क म्हणाले, "पोरी, तुझ्या सरास्नी इचार. शिकल्यालं माणूस हाय. त्येनी नगं म्हणलं तर नगं."

मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. सोलापुरात एम.ए.ला आम्हाला तत्त्वज्ञान शिकवणारे सर आबांना एकदा भेटले होते, तेव्हापासून आबांच्या लेखी सरांचा शब्द अखेरचा. मी धावतच स्टाफरूम गाठली आणि सगळं सांगितलं. माझ्याही बेंबीभोवती तसले डाग आहेत, हेही लाजत सांगून टाकलं.

"अरे वा!" सर म्हणाले. "यावर निबंध लिही तू."

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी फोन लावून स्पीकरवर त्यांच्यापुढे धरला.

"आबा," सर अगदी मायेने म्हणाले, "तुमचं ज्ञान पिढ्यान्पिढ्यांचं. प्रत्येक समाजाचं सत्य वेगळं असतं. बाहेरून येऊन मी त्याला चूक कसं म्हणू?"

"म्हंजे करू म्हणता?"

"निर्णय तुमचा. मी तुमच्यावर काही लादणार नाही."

मग आबा घरात कुणाला तरी म्हणाले, "सर करा म्हणत्यात. सुई तापवा."

सर खुशीत होते. "बघितलंस, किती समजूतदार माणूस!" 'प्रत्येक समाजाचं सत्य वेगळं' हे वर्गात ऐकून मी मान डोलवत असे, आमच्या माणसांना पहिल्यांदाच कुणी अडाणी म्हणत नाही म्हणून. आणि आज आमचा माणूस स्वतःहून विचारत होता, तर हा गृहस्थ त्याला साधं उत्तर देईना! मी फोन घेऊन बाहेर आले. संतापाने पायऱ्यासुद्धा धड दिसत नव्हत्या.

फोन चालूच होता. त्यातून वहिनीचा रडका आवाज आला, "वन्सं, सरांचं ऱ्हाऊ द्या. तुमी काय म्हणता?"

घरात असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. लग्नात नाही, शेतात नाही, कशातच नाही. मी दचकलेच.

"नगं!" मी भर व्हरांड्यात किंचाळले. "सुईला हात लावू नगा. बाळाला घिऊन या. मी सात रस्त्याच्या चौकात थांबते, तितनं दवाखान्यात जाऊ."

मागून आबा गुरगुरले, "आगं, मग आदीच सांगायचं की!"

"मला इचारलं का तुमी?"



दुपारी माणसं कोंबून आणणाऱ्या वडापच्या जीपमधून वहिनी उतरली. ऊन मी म्हणत होतं. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही, रहदारीतच बाळाचं झबलं वर केलं. पोट तसंच फुगलेलं होतं, पण त्यावर एकही डाग नव्हता. मला तिथंच रडू फुटलं.