दुसऱ्या कार्डावरचं उत्तर

आमच्या ह्यांचं नाव गहिनीनाथ. लिहायला काही वाटत नाही, तोंडाने मात्र लग्नापासून 'अहो'च. खर्ड्याच्या स्टँडजवळ ह्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर तिथे डोळे शिणवून घरी आले, की लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवत बसतात. भजनं, भारुडं, कुणाच्या लग्नातली गाणी. निव्वळ हौस!

त्या एका कॉम्प्युटरला ह्यांनी दोन साऊंड कार्डं लावलीत. एक आतलं, त्याच्यासोबतच आलेलं. दुसरं बाहेर लटकणारी काडेपेटीएवढी डबी. झाडताना मी त्या वायरींच्या जंजाळाला रोज शिव्या घालते. "एका कार्डाने भागत नाही का?" म्हटलं, की हे शांतपणे समजावतात. आतल्या कार्डात टेपरेकॉर्डरची वायर, बाहेरच्याला माईक. कॅसेट ज्याची त्याच्या कानाला हेडफोन लावायचा, माईक पुढ्यात ठेवायचा. ऐकता ऐकता माणूस बोलतोच. "हा पखवाजवाला आमचा चुलता," वगैरे. ते बोलणं कॅसेटच्या आवाजात मिसळायला नको आणि वायाही जायला नको, म्हणून दोन कार्डं.

पण दोन्ही कार्डांची चाल सारखी नसते, आवाज किंचित मागेपुढे होतात. मग हे ते जुळवत बसतात. माणूस जिथे बोलला तिथेच त्याचं बोलणं राहिलं पाहिजे, केसभरही सरकता कामा नये, हा ह्यांचा हट्ट. त्यापायी माझा चहा कितीदा गार झालाय.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या छबूबाई पदराआड एक कॅसेट घेऊन आल्या. त्यांचा नवरा नुकता वारला होता. दोघं दरवर्षी जोडीनं ऊसतोडीला जायची. फक्त पहिल्या बाळंतपणाच्या साली त्या घरी राहिल्या. तेव्हा नवऱ्याने कारखान्यावरून मुकादमाच्या टेपवर बोलून ही कॅसेट धाडली होती. त्याचा आवाज म्हणून एवढंच उरलं होतं.

"फोटू हाय," छबूबाई म्हणाल्या. "पर आवाज इसरत चाललेय मी."

फीत जुनी होऊन पार कडक झाली होती. ह्यांनी सांगून टाकलं, "आत्या, एकदाच चालंल ही. तुटली तर इलाज न्हाई."

"चालू दे."

हेडफोन लावून छबूबाई खुर्चीत ताठ बसल्या. आधी हसल्या. मग कुणी समोर बसल्यासारखं "व्हय", "हाय की बरी" असं बोलू लागल्या. आणि एकदम गप्प झाल्या. चेहरा असा झाला, की मी पाणी घेऊन उठले. ह्यांनी हातानेच थांबवलं. बऱ्याच वेळाने त्या अगदी हळू म्हणाल्या, "पुंजाराम."

ह्या बाईच्या तोंडून नवऱ्याचं नाव गल्लीत कुणी ऐकलेलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा नाव सांगायला त्या शेजारणीला पुढे करत. मी बघतच राहिले, तेवढ्यात कट् झालं आणि फीत तुटली.

ह्यांनी कॉम्प्युटरवर उतरलेलं तपासायला दोन्ही आवाज एकत्र लावले. तेव्हा मला कळलं. पुंजाराम म्हणत होता, "घरात समदी बसली आस्तील, ठावं हाय मला. तरी एकडाव माजं नाव घे. मी थांबतो." मग नुसती खरखर. मग तोच हसून, "हां. आलं ऐकू. आता बैलाचं सांगतो." आणि त्या बैलाच्या कौतुकात मध्येच छबूबाईंचं "पुंजाराम."

"तवा सासरा, दीर समदी ऐकत बसल्याली," छबूबाई सांगू लागल्या. "मी चुलीपाशी पळाले. मग जलमभर चिडवायचे, मला आलं हुतं ऐकू म्हनून. लई खोटं बोलायचे." थोडं थांबून म्हणाल्या, "आज बी त्यांचं थांबनं सरलं, मग माजं तोंड उघाडलं. गहिनी, तेवढं माजं बोलनं मागं सरकवता येतं का रं?"

हे माऊसवर हात ठेवून बसून राहिले. तो हट्ट आडवा आला. मला मात्र राग आवरेना. "अहो, बघत काय बसलात?"

"मूळ आहे तसं वेगळं ठेवतो," हे पुटपुटले. आणि ते एक नाव उचलून ह्यांनी त्या खरखरीत नेऊन ठेवलं. मग पुन्हा लावलं.

"मी थांबतो."

"पुंजाराम."

"हां. आलं ऐकू."

छबूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ह्यांनीही चष्मा काढला. पुंजारामचं बोलणं मात्र चालूच होतं.

"बंद कर आता," शेवटी त्या म्हणाल्या. "म्होरं नुसतं बैलाचंच हाय."