वृषालीचा दमा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवासमोर हात जोडूनही नाही — तिथे तर मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलत बसायचे. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हटलं की तो पुढे कुणाकुणाला सांगेल, हेच माझ्या डोक्यात आधी फिरायला लागतं. स्वभावच तसा आहे माझा. कुणी चांगलं वागलं की पहिला प्रश्न पडतो — ह्याला माझ्याकडून काय हवंय?

आम्ही ठाण्याला, कोपरीत राहायचो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवरा टेम्पो चालवायचा. मी जवळच्याच एका डॉक्टरांच्या दवाखान्यात होते — नंबर लावायचे, केसपेपर काढायचे, गोळ्यांच्या पुड्या बांधायचे. एकच मुलगी, वृषाली. ती सातवीत असताना शाळेची सहल निघाली. महाबळेश्वर, प्रतापगड, दोन रात्री. अठ्ठावीसशे रुपये.

त्याच दिवाळीत नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. टेम्पो दोन महिने उभा, घरात माझाच काय तो पगार. अठ्ठावीसशे नव्हते. एवढंच बोलायचं होतं ना? नाहीत, म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं. पण माझं तोंड उघडेना. त्याऐवजी मी सहलीवरच संशय घ्यायला लागले. एवढे कसले पैसे? बसवाला शाळेचाच कुणी असणार. मुलांना वडापाव खायला घालतील आणि बाकीचं खिशात. हे सगळं मी वृषालीसमोर बोलायचे. ती ऐकून घ्यायची आणि मैत्रिणींनी कुठल्या बॅगा घेतल्यात ते हळूच सांगायची.

मग एक दिवस वर्गशिक्षिका सामंत बाईंनी मला गेटवर थांबवलं. बाजूला घेतलं, आवाज खाली आणला.

"वृषालीचे पैसे राहू देत. आम्ही बघतो काय ते. तुम्ही फक्त संमतीपत्रावर सही करून पाठवा."

दुसरी कुणी असती तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. माझ्या डोक्यात काय आलं? — 'आम्ही' म्हणजे कोण? किती जणांना माहीत आहे? स्टाफरूममध्ये बोलणं झालं असणार. तिथून शिपायाला, शिपायाकडून गेटवर...

आणि गेटवर काय बोलतात ते मला पक्कं माहीत होतं. कारण आदल्या वर्षी बोलणारी मीच होते. एक मुलगी अशीच बिनपैशांची सहलीला गेलेली, तेव्हा मी म्हणालेले, "फुकट फिरायला मिळतंय तर कोण सोडेल?" सगळ्या हसल्या. त्या मुलीची आई चार पावलांवर उभी होती. मुलीची रिबिन बांधत होती. बांधून झालेली, तरी बांधतच राहिली.

माझी वृषाली त्या जागी? नाही. मी ताठ उभी राहून सांगितलं, "पैशांचा प्रश्न नाही हो बाई. तिला दमा आहे. डॉक्टर नको म्हणालेत."

कुठून आला तो दमा? दवाखान्यात दिवसभर तेच शब्द कानावर पडायचे, त्यातला एक बाहेर आला. बाई म्हणाल्या, "कधी बोलला नाहीत. बरं, सर्टिफिकेट पाठवा तेवढं. फाईलला लागेल."

शाळा सगळ्यांकडेच मागते तसं सर्टिफिकेट. आज कळतं. तेव्हा मला वाटलं, बाईंनी मला पकडलं, आता बघतायत किती ताणते ते. मग मी ताणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर जेवायला घरी गेले, तेव्हा ड्रॉवरमधून त्यांच्या नावाचा कागद काढला. एका खऱ्या पेशंटचं सर्टिफिकेट समोर ठेवून इंग्रजीत शब्दाला शब्द उतरवलं. खाली त्यांची सही केली — आठ वर्षं बघत होते, जमली. शिक्का मारला. हात थरथरला? नाही. खोटं कशाला बोलू.

पण घरी एक माणूस उरलं होतं, ज्याला हे पटवायचं होतं. मुलांना कुणीही काहीही विचारतं, ती पटकन बोलून जातात. म्हणून संध्याकाळी मी वृषालीला जवळ बसवलं.

"खेळून आल्यावर तुला धाप लागते ना गं?"

"सगळ्यांनाच लागते."

"तुला जास्त लागते. डॉक्टरांनी सांगितलंय."

ती छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे मला काय होणार, आई?"

"काही नाही. जपायचं फक्त."

सहल जाऊन आली. एका रविवारी सामंत बाई जॅमची बाटली घेऊन आमच्या दारात. तीन मजले चढून आलेल्या. मला वाटलं, तपासायलाच आल्या. नवरा खाटेवर होता, त्याच्यासमोरच विचारलं, "आता कसा आहे तिचा दमा?" त्याने माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. बाई गेल्यावर तो इतकंच म्हणाला, "माझ्या बिडीमुळे झालं का गं?"

इथे थांबता आलं असतं ना मला? बंद दाराआड, नवऱ्यासमोर, इथे कसली लाज होती? मी म्हणाले, "असेलही."

त्याने त्या दिवसापासून बिडी सोडली. मच्छरांची कॉइल लावणं बंद केलं, घरात अगरबत्तीसुद्धा लावू देईना. पोरीकडे बघायचा तर गुन्हेगारासारखा.

आणि वृषाली — ती खो-खो खेळायची. धावणारी म्हणजे अशी, की पलीकडच्या शाळेच्या मुली तिच्या नावाने कुरकुरायच्या. जानेवारीत ती रडत घरी आली. सरांनी टीममधून काढलं होतं. "फाईलमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी आहे म्हणाले. काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?" मी दुसऱ्या दिवशी शाळेत जायला हवं होतं. गेले नाही. मला वाटलं, हा डाव आहे. मी धावत येऊन कबूल करावं म्हणून पोरीला काढलंय. आणि कबूल केलं की डॉक्टरांना कळणार, नोकरी जाणार. नोकरीची भीती खरी होती, पण डाव? कुणाला एवढा वेळ होता माझ्यासाठी?

पुढच्या वर्षी तिला खरोखर धाप लागायला लागली. दुसऱ्या मजल्यावर थांबायची, कठडा धरून. मी घाबरून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, तिला बाहेर बसायला सांगितलं आणि म्हणाले, "छाती एकदम स्वच्छ आहे. पोरगी घाबरते कशाला तरी. धावू दे तिला." बाहेर येऊन मी वृषालीला काय सांगितलं असेल? सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, जपून राहा."

ती जपून राहिली. कॉलेजच्या ट्रेकला गेली नाही, कुणाच्या लग्नात नाचली नाही. बघायला आलेल्या मंडळींना पहिल्या भेटीतच तिने दम्याचं सांगून टाकलं — फसवायचं नाही कुणाला, म्हणाली. दोन स्थळं त्यावरून गेली. तिसरा मुलगा चांगला निघाला, डोंबिवलीचा. नवरा माझा तीन वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला. आयसीयूतून त्याने तिला निरोप पाठवला, जिने चढत येऊ नकोस, त्रास होईल. पोरीला आपण आजारी केलं असं मानूनच तो गेला. त्याच्या उशाशी मी चार दिवस होते. चार दिवस पुरे नव्हते का?

गेल्या महिन्यात वृषालीबरोबर डोंबिवलीच्या हॉस्पिटलात गेले. सातवा महिना होता तिला. डॉक्टरीण तरुण, फॉर्म भरताना एकेक विचारत होती. लहानपणी काही आजार? वृषाली म्हणाली, "दमा. सातवीपासून."

"पंप कुठला वापरता?"

"पंप कधी लागलाच नाही. आईने इतकं जपलं ना मला."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, तेव्हाचे काही कागद आहेत का? भूल द्यायची वेळ आली तर आम्हाला नीट माहीत असायला हवं."

मला लगेच वाटलं — हिला कळलं. ही मला बोलतं करतेय. वृषाली शेजारी बसलेली, हात पोटावर. मी म्हणाले, "होते. घर बदलताना गेले."

डॉक्टरिणीने मान हलवली आणि फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने दमा असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

तिला दमा नाही. कधीच नव्हता. आता आठवा महिना लागलाय, आणि मी अजून बोललेले नाही.