धुरापासून लांब मांडलेली खुर्ची

वांग्याचा अपमान आमच्या साडूंइतका मनाला लावून घेणारा माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यावलकडचे केळीवाले. पोट केळीवर, पण जीव भरताच्या वांग्यांवर. हिवाळा लागला की कुणाच्याही मळ्यात भरीत-पार्टी असो, बोलावणं साडूंना. बाजारात ते हिरवं वांगं उचलून हातावर झेलत, कानाशी धरत, आणि मग विकणाऱ्याकडे असे बघत की त्यानेच ते मुकाट्याने बाजूला ठेवावं. एका लग्नात गॅसवर भाजलेलं भरीत पानात पडलं, तर वरमाईच्या देखत पानावरून उठले होते. वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजायची, बडगीच्या खोलगट लाकडी भांड्यातच ठेचायची, आणि जाळाशी दुसऱ्या कुणी फिरकायचं नाही. "तू फक्त खायाले ये भो," म्हणून मला त्यांनी पंधरा वर्षं जाळापासून लांब ठेवलं. स्वतः मात्र धुरात उभे, डोळे लाल, आणि खोकत. साडू खोकले म्हणजे वांगी झाली, असं आमची मुलं म्हणायची आणि आम्ही हसायचो.

मागच्या दिवाळीत ते पिंप्राळ्याला आमच्याकडे आले होते. फराळ करता करता खोकल्याची उबळ आली. जरा सावरल्यावर म्हणाले, "भो, छातीचा एक फोटो काढून घेऊ का?" त्यांनी मला काही विचारायची ती पहिलीच वेळ. मी चकली मोडत म्हणालो, "काड्यांचा धूर आहे तो, भाऊ. सीझन संपू द्या, आपोआप जाईल." असं का म्हणालो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पंधरा दिवसांनी माझ्या ऑफिसची भरीत-पार्टी त्यांच्या मळ्यात ठरली होती. पार्टी झाली, साहेबांनी बोटं चाटली. खोकला होळीनंतरही गेला नाही.

मग फोटो निघाला, सीटी झालं, फुप्फुसाचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर. कशामुळे झाला ते सांगता येत नाही, आधी कुठवर पसरलाय ते पाहू आणि मग उपचार ठरवू, असं डॉक्टर म्हणाले. साडूंनी मान डोलावली. बाहेर येऊन म्हणाले, "अजून एका डॉक्टरले दाखवू. वांगं बी मी दोन वाफ्यांतलं पाह्यतो." दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. परतताना रिक्षात फाइल मांडीवर घट्ट धरून ते म्हणाले, "घरी तू सांग भो. माह्याच्यानं नाई होनार." घरी मी सांगितलं. साडूंच्या बायकोने, आमच्या अक्कांनी, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दिवाळीतच दाखवलं असतं तर?" मी तांब्या उचलून पाणी पीत राहिलो. हाच प्रश्न डॉक्टरांना विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

आता केमो सुरू आहे. तोंडाला चव नाही, तरी परवा त्यांनी भरताचा हट्ट धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला जाळाशी उभं केलं. त्यांची खुर्ची धूर पोचणार नाही अशी लांब लिंबाखाली मांडली. मफलर गुंडाळून बसलेले साडू तिथून मोबाइलवर हुकूम सोडत होते. "पलट आता. अरे, देठाकडून धर! त्या वांग्यानं तुहं काय वाकडं केलं?" एवढ्यात वारा फिरला, धूर माझ्या छातीत गेला आणि मी खोकायला लागलो. खोकला थांबेचना. फोन कानाशीच होता.

"भो," पलीकडून साडू हळूच म्हणाले, "छातीचा एक फोटो काढून घे. उद्याच."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. "हो भाऊ, उद्याच काढतो," मी म्हणालो. दिवाळीत मी त्यांना एवढंच म्हणायला हवं होतं.