दुनळीच्या नव्या नळ्या

खंडेनवमीच्या पूजेला पुतण्याने जुनी दुनळी बंदूक पाटावर ठेवली, तिला झेंडू वाहिला आणि पाहुण्यांना ऐकवलं, "याच नळ्यांतून आजोबांनी वाघ टिपला!"

दस्ता हातांच्या घामाने काळवंडलेला होता. नळ्या मात्र नितळ. घराणीही अशीच टिकतात. फुटलेलं काढून नवं बसवतात आणि मिरवताना जुनंच म्हणून मिरवतात.

"बघा काका, कशा चकाकतात!"

"चकाकणारच. या नळ्या कंपनीने मागाहून बसवून दिल्या. जुन्यांत चिखल गेल्याची शंका आली, तेव्हा तुझ्या आजोबांनी बार काढून बघायला बंदूक गोविंदा गड्याच्या हाती दिली. नळी फुटली, त्याचा पंजा गेला. मी शेजारीच होतो, आणि आजवर गप्प राहिलो."

"काका, पाहुण्यांसमोर कशाला?"

"मग तू वाघ कुणासमोर मारलास?"