तिन्हीसांजेला उघडं दार

दिनकरराव एका आठवड्यात एकोणीस वेळा मेले. एकोणीसही वेळा स्वतःच्या घरात, आणि एकोणीसही वेळा संध्याकाळी. बत्तीस वर्षं बडोद्याला मकरपुऱ्याच्या एका कारखान्याचं गेट सांभाळलेल्या माणसाला ही गोष्ट फार लागली. पणजोबा संस्थानच्या घोडदळात, आजोबा राजवाड्याच्या पहाऱ्यावर, वडील पोलिसात. घरात दुसरी काही इस्टेट नसली तरी पहारा मात्र पिढीजात होता. अशा घराण्याच्या वारसाला टॅबवरच्या खेळातलं एक मातकट भूत रोज येऊन सहज गारद करून जात होतं.

सदुसष्टाव्या वर्षी हा उद्योग त्यांनी हौसेने मागे लावून घेतला नव्हता. कारण होती आभा, त्यांची नात. दोन वर्षांपूर्वी मुलगी मृदुला आणि जावई नोकरीसाठी कॅनडाला गेले, आणि नऊ वर्षांची आभा त्यांच्याबरोबर गेली. बडोद्यात होती तोवर शाळा सुटली की ती दांडिया बाजारात आजोबांकडे यायची, आणि मृदुला न्यायला येईपर्यंत तिची टकळी चालू असायची. गेल्यावर सुरुवातीला दर शनिवारी तासभर फोन चाले. मग अर्धा तास, मग पाच मिनिटं. आता तर ‘हाय आजोबा, मजेत’ एवढं म्हणून पोर फोन आईच्या हातात देई. ती सारखी त्या खेळातच असते, असं मृदुला कंटाळून सांगायची.

दिनकररावांना राग आला नाही, भीती वाटली. आणखी एक वर्ष असंच गेलं तर या मुलीला आपल्याशी बोलायला काही उरणारच नाही, आपण भिंतीवरच्या फोटोतले आजोबा होऊन बसू, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. बायकोला, लताबाईंना, त्यांनी हे बोलून दाखवलं नाही. त्यांनाही तेच दिसत असणार. शेवटी त्यांनी सरळ विचार केला, की पोर जिथे असते तिथे आपणच जावं.

खालच्या मजल्यावरची भक्ती फतेगंजला युनिव्हर्सिटीत शिकते. तिने जुन्या टॅबवर खेळ घालून दिला आणि समोर बसवून धडे दिले. तिचं मराठी अर्ध्यातून गुजरातीत शिरतं, पण शिकवणं पक्कं. “काका, आधी लाकूड भेगं करा, मारामारी पछी. समजलं ने?” आधी लाकूड गोळा करायचं, मारामारी नंतर, हे दिनकररावांना समजलं; ड्यूटीच्या जुन्या सवयीने त्यांनी वही उघडली आणि वेळ घालून सगळं टिपून घेतलं. पहिल्या दिवशी झाडं तोडायची, लाकडाच्या फळ्या करायच्या, फळ्यांचं कामाचं टेबल. टेबलावर लाकडी कुदळ करायची, तिने दगड काढायचा, मग दगडाची कुदळ, कारण लाकडी लवकर मोडते. कोळसा सापडला की सोडायचा नाही, त्याच्या मशाली होतात. आपल्या पायाखाली सरळ खोल खणायचं नाही, कुठे जाऊन पडू त्याचा नेम नाही. पोट रिकामं व्हायच्या आत खायचं. जास्तीचं सामान पेटीत ठेवायचं, अंगावर घेऊन हिंडायचं नाही. आणि काही झालं तरी अंधार पडायच्या आत चार भिंती उभ्या करायच्या. हे सगळं सांगून भक्ती परीक्षेच्या अभ्यासाला निघून गेली, आणि दिनकरराव मरायला मोकळे झाले.

आळस त्यांनी मुळीच केला नाही. लाकडाच्या भिंती गेल्या, दगडाच्या आल्या. दगडाच्या भिंती दुहेरी झाल्या. छपरावर आणखी एक छप्पर चढलं. कारखान्यात चोरी झाल्यावर करायचे तसा त्यांनी रीतसर पंचनामा केला. वहीत अजून नोंद आहे : ‘भिंती शाबूत. छप्पर शाबूत. चोरवाट आढळली नाही. मृत्यू सायंकाळी.’ लताबाई येता-जाता वाचायच्या आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात जायच्या.

शनिवारी फोन आला तेव्हा दिनकररावांनी मृदुलाला सांगितलं, की मी तो खेळ घेतलाय, पण जगणं काही जमत नाही. पलीकडे काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज झाला आणि पडद्यावर आभाचा चेहरा आला. दोन वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःहून धावत आली होती. आजोबा, तुम्हाला खरंच खेळता येतं का, कुठपर्यंत पोचलात, लोखंड मिळालं का, अशी तिने प्रश्नांची फैर झाडली. तिने मागितलेला खेळातला नंबर दिनकररावांनी चाचरत वाचून दाखवला, आणि दोन मिनिटांत त्यांच्या दगडी घराच्या अंगणात निळ्या अंगरख्यातली एक छोटी बाहुली येऊन उभी राहिली. ती आभा होती. दिनकररावांना काय करावं कळेना. त्यांनी आपल्या बाहुलीला जागच्या जागी दोन उड्या मारायला लावल्या.

आभाने घर आतून-बाहेरून तपासलं. भिंती एकदम मस्त आहेत म्हणाली. शाबासकी ऐकून दिनकरराव खुर्चीत जरा ताठ बसले. तेवढ्यात खेळातला सूर्य खाली गेला. दिनकररावांनी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात मशाल लावली, नेहमीप्रमाणे दाराशी गेले आणि दार सताड उघडलं.

“आजोबा, दार का उघडलंत?”

“दिवेलागण झाली ना,” दिनकरराव म्हणाले.

 पलीकडे आभा हसायला लागली. ती इतकी हसली, की मृदुला काय झालं म्हणून बघायला आली, तिला सांगताना आभा पुन्हा हसली, आणि इकडे लताबाई देवापुढे दिवा लावून, फ्लॅटचं दार उघडून वळल्या, त्याही खाली बसून हसू लागल्या. तोवर भूत आत येऊन दिनकररावांना विसाव्यांदा खाऊन गेलं होतं. ते कोणी पाहिलंच नाही.

तिन्हीसांजेला दार लावायचं नाही, लक्ष्मी यायची वेळ असते, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. आयुष्यभर कारखान्याची फाटकं ठोक्याला बंद केली, पण घरचं दार दिवेलागणीला कधी लावलं नाही. हात आपोआप जायचा, म्हणून पंचनाम्यातही ते आलं नाही. जे रोजचंच आहे त्याची नोंद कोण करतं?

दिनकरराव ओशाळले. आजपासून दार लावतो म्हणाले. खेळात कसली आलीय लक्ष्मी. पण आभा म्हणाली, की नको, लावू नका. आजी लावत नाही ना? मग आपणही नको. आपण दुसरं काहीतरी करू.

मग गावाला कुंपण घालावं तसा उंच तट बांधायचं तिच्या मनात आलं. दिनकररावांनी इथे आपला अनुभव काढला. गेटवर कुलपापेक्षा दिवा जास्त कामाचा, चोर अंधाराला धरून येतो, असं ते म्हणाले. आभा खूश झाली. खेळाचा नियमही तोच होता, जिथे उजेड तिथे भूत उपजत नाही. हे आजोबांना शिकवल्याशिवाय ठाऊक होतं, याचं तिला फार कौतुक वाटलं. ठरलं, की घराभोवती दूरवर मशालीच मशाली लावायच्या, कुठे अंधाराचा ठिपका ठेवायचा नाही. त्याला कोळसा लागणार होता, खूप कोळसा.

पुढचे पाच शनिवार आजोबा आणि नात शेजारी शेजारी उभे राहून कोळसा खणत होते. खणता खणता आभा बोलू लागली. फोनवर तोंडासमोर तोंड असताना तिला बोलता येत नसे. इथे हाताला काम होतं आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. आधी खेळाचं बोलली, मग बर्फाचं, मग शाळेचं. चौथ्या शनिवारी, एक कुदळ मोडून दुसरी करताना, ती म्हणाली, “शाळेत मी एकटीच जेवते. लायब्ररीत जाऊन. आईला नका सांगू.”

 तिथे जाऊन त्या सगळ्या शाळेला दोन शब्द सुनावावेत असं दिनकररावांना वाटलं. पण ते खणत राहिले आणि डब्यात काय असतं एवढंच विचारलं. थालीपीठ, ती म्हणाली. मग थालीपिठाबद्दल दहा मिनिटं बोलणं झालं. शेवटी ते म्हणाले, की मी आठ दिवस गप्प बसतो, तेवढ्यात तूच आईला सांग. आभाने तिसऱ्याच दिवशी सांगितलं. मृदुलाने त्या दिवशी बडोद्याला फोन केला, रडली, आणि बाबा, तुम्ही होतात म्हणून कळलं, असं म्हणाली. दिनकरराव फोन ठेवून खाली गेले आणि भक्तीच्या हातात पाव किलो लिलो चेवडा, बडोद्याचा तो खास ओला चिवडा, ठेवून आले. परीक्षा झाली का, एवढंच विचारलं. उपकार मानायची ती त्यांची रीत होती.

त्या रात्री त्यांनी देवापुढे हात जोडले तेव्हा लक्ष्मीबरोबर खेळ बनवणाऱ्या अनोळखी माणसांचंही भलं मागितलं. इतकं मनापासून त्यांनी बऱ्याच वर्षांत कोणासाठी काही मागितलं नव्हतं.

मशाली पुऱ्या झाल्या. सहाव्या शनिवारी खेळातला सूर्य बुडाला, दिनकररावांनी दार उघडलं आणि उंबऱ्यात उभे राहिले. लांबपर्यंत उजेड होता. भुतं उजेडापलीकडे घुटमळली आणि आली नाहीत. वहीत नोंद झाली : ‘दार उघडे. सर्व सुरक्षित.’

त्यानंतरच्या शनिवारी आभाला यायला उशीर झाला. दिनकरराव उघड्या दाराशी उभे होते. मशालींच्या उजेडातून निळी बाहुली येताना दिसली, आणि तिच्या मागे एक अनोळखी पिवळी. पिवळी उंबऱ्याशी थबकली. टॅबमधून एका मुलीचा आवाज आला, इंग्रजीतला, घाबरलेला. अंधार पडलाय आणि या घराचं दार उघडं आहे, असं काहीसं ती म्हणत होती. दिनकररावांना तिकडचं भरभर इंग्रजी कळत नसे. आभाचं उत्तर मात्र शब्द न् शब्द कळलं. आमच्या घरात या वेळी दार लावत नाहीत, असं तिने सांगितलं. चांगलं कोणी यायचं असतं, ते परत जाऊ नये म्हणून. मग ती मराठीत म्हणाली, “आजोबा, ही नोरा. आम्ही आता डबा एकत्र खातो.”

दिनकररावांनी चष्मा काढून पुसला. मग मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहत म्हणाले, “अगं, ऐकलंस का? आपल्याकडे पाहुणी आलीय.”

आणि लगबगीने पेटीशी जाऊन, असतील नसतील तेवढ्या भाकरी काढून त्यांनी पिवळ्या बाहुलीपुढे ठेवल्या.