तीन बोटांचा दाखला

आमच्या यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत, आणि त्या तीन बोटांवर आमचं दुकान चालतं. दुकान ठासणीच्या बंदुकांचं. म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची, लांब गजाने ठासायची आणि मग बार काढायचा. हौशी लोक घेतात. घेताना बिचारे विचारतातही, दारू किती घालायची, बार उडालाच नाही तर काय करायचं? हे उत्तर देत नाहीत. डावा हात उचलून काउंटरवर ठेवतात. "अनुभव आहे साहेब," एवढंच. झालं! गिऱ्हाईक गार. ज्याची बोटं बंदुकीने नेली त्यालाच बंदुकीतलं कळतं म्हणे. अरे, कळत असतं तर बोटं गेली असती का? पण एकाच्याही टाळक्यात हे शिरत नाही.

आणि बंदुकीने नेली कुठे? दुकानाच्या शटरमध्ये गेली. समोरच्या चष्मेवालीशी दात काढत शटर ओढत होते. मी तिथेच उभी होते.

प्रत्येक खोक्यात माहितीचा कागद येतो, तो हे न वाचताच टरकावतात. "कागद वाचून कोणी नेमबाज झालंय?" मी वाचते. गल्ल्यावर बसून दुसरं करायचं काय?

परवा माझा धाकटा भाऊ आला. सासऱ्यांच्या माळ्यावर सापडलेली जुनी ठासणीची बंदूक घेऊन.

"दाजी, भरलेली नाही ना ही? घरात पोरगी रांगते."

यांनी काय करावं? नळीला तोंड लावून फुंकर मारली! हवा आरपार जाईना. "गंज धरलाय," म्हणाले. "घरी गॅसवर नळी चांगली शेका, सुटेल."

मी गल्ल्यावरून उठले.

"गज दे इकडे," मी भावाला म्हटलं.

"ताई, तू यात पडू नकोस. दाजींनी यात बोटं घालवलीत."

"शटरात घालवलीत, मेल्या!"

"तुला दाजींचं कधी पटलंय का?"

मी गज हिसकावला. नळीला बाहेरून लावून तळापर्यंतची लांबी पाहिली आणि गजावर पेन्सिलीने खूण केली. मग तो आत सोडला. खूण चार बोटं बाहेरच राहिली. आत दारूगोळा ठासलेला होता, देव जाणे कधीपासून. आणि हा शहाणा ती नळी गॅसवर धरणार होता, पोरगी पायाशी रांगत असताना!

भाऊ पांढराफटक पडला. हे म्हणाले, "मी तेच सांगणार होतो." लाज कशाशी खातात, ते या माणसाला ठाऊक नाही.

मी बंदूक हलकेच, नळी भिंतीकडे करून ठेवली आणि दुरुस्तीवाल्या कारागिराला फोन लावला. तो उचलतोय तोवर मागून भावाचा आवाज आला.

"मग दाजी, आता ही रिकामी कशी करायची?"

दाजींना विचारत होता! आणि यांनी डावा हात उचलून काउंटरवर ठेवला.