साडूंची चुकीची ओळ

माझ्या साडूंइतका संशयी माणूस मीरा रोडपासून विरारपर्यंत दुसरा नसेल, आणि असलाच तर साडूंना त्याचाही संशय आला असता. घराला कुलूप लावून ते जिन्यातून तीनदा परत येत. दूध दोन दूधवाल्यांकडून घेत, म्हणजे एकाने पाणी घातलं तर दुसऱ्याच्या दुधावरून कळावं. गोडदेवच्या बाजारात पापलेटचे कल्ले टॉर्च मारून बघत. कोळीण एकदा म्हणाली, "मासा हाय तो दादा, चोर न्हाय." साडू म्हणाले, "ते अजून ठरायचंय." सासुरवाडीत मात्र हा माणूस हुशार आणि मी तोंडाळ, हे लग्नापासून ठरलेलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

हाटकेशच्या एका गाळ्यात बारा मुली बसवून मी अमेरिकेतल्या डॉक्टरांची टेपवरची बोलणी टाइप करून पाठवायचं काम सुरू केलं, तेव्हा गिऱ्हाइकाने अट घातली की इंटरनेटच्या लाइनवर फायरवॉल हवा. फायरवॉल म्हणजे लाइनच्या तोंडाशी बसवलेला वॉचमन. कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही, याचे सगळे नियम त्या यंत्राच्या पोटात. लॅमिंग्टन रोडवर तासभर घासाघीस करून मी ते आणलं, आणि सांभाळायला टेलिफोन खात्यातले साडू आले. हे काम जणू त्यांच्यासाठीच जन्माला आलं होतं. दर शनिवारी ते सगळे नियम दोन फ्लॉप्यांवर उतरवत. एक माझ्या कपाटात ठेवत आणि दुसरी जेवणाच्या डब्यात घालून घरी नेत.

एका शनिवारी ती डब्यातली फ्लॉपी मला दिसली आणि माझं डोकं फिरलं. शांती नगरमध्ये माझ्यासारखाच धंदा करणारा एक जण होता. मी मुलींसमोरच विचारलं, "माझ्या धंद्याच्या चाव्या कोणाला विकताय?"

"आग लागली तर गाळा आणि कपाट एकत्रच जळेल, म्हणून नेतो," साडू म्हणाले. फ्लॉपी टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

पंधरा दिवसांनी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला आणि यंत्र जळालं. मी तसंच दुसरं आणलं, कपाटातली फ्लॉपी चढवली. यंत्राचे दिवे लागले, पण लाइन चालेना. टेबलावरची चढवली, तीच गत. गिऱ्हाइकाने संध्याकाळपर्यंत वेळ दिला, नाहीतर काम दुसरीकडे. बायको म्हणाली, "फोन नको. स्वतः जा भावोजींकडे."

साडूंनी साखळी लावूनच दार उघडलं.

"दोन्ही चढवल्या?"

"चढवल्या. चालत नाहीत."

"चालणारच नाहीत. प्रत्येक फ्लॉपीत एक ओळ मी मुद्दाम चुकीची ठेवतो. कोणी चोरली तरी उपयोग नाही."

"आणि मालकालाच लागली तर?"

"मालक मला बोलावेल, असं धरलं होतं."

ओठांवर आलेली शिवी मी गिळली. "बोलवायलाच आलोय."

ते आले. मुलींना तोंडं फिरवायला लावली, मलासुद्धा, आणि दोन मिनिटांत लाइन चालू केली. निघताना माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. ती ओळ कोणती आणि खरी कशी हवी, सगळं लिहिलेलं. "ठेवा. दर वेळी माझ्याकडे यायला नको."

काम टिकलं. मग शनिवारी मीच नियम फ्लॉपीवर उतरवू लागलो. साडूंना बोलवायचं कारण उरलं नाही, आणि विनाकारण बोलवणाऱ्यांतला मी नाही. रिटायर होऊन ते रत्नागिरीला गावी राहायला गेले, हेही मला दोन महिन्यांनी कळलं. बायको म्हणते, ती चुकीची ओळ चोरासाठी नव्हतीच, तुम्ही बोलवावं म्हणून होती. मी अजून तिच्याशी वाद घालतो. हल्ली माझा आवाज जरा खाली असतो.